आगीनरेड्याचं मधलं चाक

आमच्या आळीत मला दोन नावं आहेत. तोंडावर गणपत मिस्त्री आणि पाठ वळली की 'थांबा मिस्त्री'. कारण कुणी मला यंत्र चालवून दाखवायला लागलं आणि सोबत स्वतःचं तोंडही चालवायला लागलं, की मी हात वर करून म्हणतो, "थांबा. आधी त्याला बोलू द्या." बायकोला हे मी आयुष्यात एकदाच म्हटलं, शिवणयंत्राच्या बाबतीत. त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात फक्त शिवणयंत्रच बोललं.

या दिवाळीच्या अंकाच्या संपादकांनी बजावलं आहे की नोकऱ्यांची जंत्री नको, कामाबद्दल लिहा. बरं झालं. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो, तिथून बाहेर पडलो आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिथे जिथे वाफेवर काही फिरत होतं तिथे तिथे हात काळे केले, एवढं पुरे. विहिरींवरचे पंप, भाताच्या गिरण्या, तेलाचे घाणे. ठाण्यातल्या एका वकिलांच्या पंपात भूत शिरलं होतं. मी पंप उघडला तर आत बेडूक निघाला, आणि भुताची शांत आधीच करून बसल्यामुळे वकीलसाहेब माझ्यावरच रागावले. असल्या गोष्टी मी चहाच्या दुकानात पुष्कळ सांगतो. एक मात्र कधी पुरती सांगितलेली नाही. ती घडली तेव्हा मी तिशीत होतो, आणि प्लेगाची साथ यायला अजून बरीच वर्षं होती.

तेव्हा दगड, लाकूड, भात सगळं बैलगाडीवर चाले. मुंबईच्या एका विलायती पेढीने सडकेवर चालणारं वाफेचं इंजिन विकायला आणलं. त्याला रूळ लागत नसत. पुढे बायलर, मागे पुरुषभर उंचीची दोन लोखंडी चाकं, आणि पाठीला तीन-चार गाड्या जोडून ओढायच्या. हल्ली मुंबईत मोटार-लॉऱ्या धावतात, त्यांचा हा आजोबा समजा.

ते घेतलं धर्मा पाटलांनी. दिव्याजवळच्या खाडीकाठच्या गावातलं आगरी घराणं, पिढीजात मिठागरवाले. शिळेच्या डोंगराखाली धर्माशेठनी दगडाची खाण घेतली होती आणि तो दगड कल्याणच्या सडकेच्या कामाला पोचवायचा मक्ताही मिळवला होता. इंजिनासाठी त्यांनी आपल्या वाटणीचं मिठागर विकलं. गावात मिठागराला 'आगर' म्हणतात, आणि आगर विकणं म्हणजे घरातला देव विकण्यासारखंच. धाकटा भाऊ पांडू हा गावच्या गाडीवानांचा म्होरक्या. त्याने अंगणात उभं राहून साऱ्या गावाला ऐकू जाईल असं विचारलं, "बापाचा आगर इकून लोखंडाचा रेडा आनतंस?" त्या दिवसापासून भावाभावांतलं बोलणं बंद झालं आणि इंजिनाला आगीनरेडा हे नाव पडलं. आई हिराबाई, सगळं गाव तिला हिराआई म्हणे, ती मात्र थोरल्याच्या बाजूने राहिली. "आनू दे त्याला. बघू तरी," एवढंच म्हणाली.

इंजिन पसंत करायला आणि मग चालवायला धर्माशेठनी मला ठेवलं. ताबा दसऱ्याच्याच मुहूर्तावर घ्यायचा हा त्यांचा हट्ट. त्याप्रमाणे कल्याणच्या मालधक्क्यावर दसऱ्याला सकाळी मी पेढीच्या पावतीवर सही केली, 'माल पाहून, वाजवून, चोख मिळाला.' वाजवून पाहण्याबद्दल मी पुढे लिहीन, आत्ताच लिहायचा धीर होत नाही.

हिराआईने पूजा मांडली. खोबरेलात कालवलेला शेंदूर घेऊन ती एकेका चाकाला बोटं ओढत आली आणि मला म्हणाली, "यातला सगल्यात जास्ती कष्ट कोन करतो?" मी मधलं दातेरी चाक दाखवलं. तिने ते आऱ्यांपासून दात्यांपर्यंत असं माखलं की मारुतीच वाटावा.

हे मधलं चाक म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनाचा दांडा भरभर फिरतो, पण त्यात रेटा कमी असतो. मागच्या मोठ्या चाकांना हळू फिरायचं असतं, पण प्रचंड रेट्याने. म्हणून दांड्यावर लहान दातेरी चाक, ते मधल्या मोठ्या चाकात अडकलेलं, आणि मधलं चाक पुढे मागच्या कण्याला फिरवणारं. सगळा भार या मधल्याच्या अंगावरून जातो. ते बिडाचं असतं, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाचं. बीड कितीही ओझं सहन करील, पण ते वाकणार नाही, थेट तुटेल. ओतताना आत चीर राहिली तर बाहेरून वर्षभर कळतही नाही.

पहिले सात महिने रेडा छान चालला. पांडूचे गाडीवान रस्त्याच्या कडेला बसून आमची धूळ खात आणि शिव्या देत. वैशाखात मला पहिल्यांदा कट् ऐकू आलं. बारीक, नख मोडल्यासारखं. मी दाते मोजले, फेरे मोजले. मधल्या चाकाच्या दर फेऱ्याला एकदा, तेही चढावर. मग पाऊस आला, सडका चिखलात गेल्या आणि रेडा पेंढ्याच्या छपराखाली चार महिने उभा राहिला. गणपती गेल्यावर पुन्हा वाफ केली तर कट् चांगलं दहा पावलांवरून ऐकू येत होतं.

मी चाकाला तेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड मारली. ही आमची जुनी रीत आहे. चीर असेल तर आत शिरलेलं तेल पुडीतून वर येतं. अर्ध्या तासात एका आऱ्याच्या मुळाशी बोटभर लांब काळी रेघ उमटली. 

धर्माशेठ मात्र निवांत होते. "वरसाची हमी हाय ना? चाक त्यांनी फुकाट बदलून द्यायचा. दसऱ्याला घेतला, दसऱ्याला वरीस पुरा. अजून लय दिस हाईत."

"तार आजच करू या, शेठ."

"पितरपाख चालू हाय, मिस्त्री. या दिसांत कोन कागदपत्राला हात लावतो? घट बसू दे."

मीही मान हलवली. विलायतेहून नवं चाक स्वतःच्या पैशाने मागवणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. आगर विकून झालं होतं, आता विकायला काही उरलं नव्हतं. हमीवर चाक मिळालं तर मिळालं, नाहीतर रेडा म्हणजे अंगणातला भंगाराचा डोंगर. पण दसरा लांब होता, म्हणून दोघेही निर्धास्त.

दुसऱ्या दिवशी तेलाचे डबे सोडवायला कल्याण स्टेशनात गेलो. बाबूच्या टेबलावर तारखेचा पुठ्ठा होता. खिशात योगायोगाने पेढीची पावती होती. मी एकदा पुठ्ठ्याकडे पाहिलं, एकदा पावतीकडे, आणि बाबूला विचारलं, "ही आजची तारीख खरी?" तो म्हणाला, "नाही, उद्याची काढून ठेवली आहे माझ्या लग्नासाठी." चेष्टा समजायच्या स्थितीत मी नव्हतो. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. दसरा मागच्या वर्षीच्या तारखेपेक्षा जवळजवळ तीन आठवडे पुढे सरकला होता. साहेबाचं वर्ष तारखेने पुरं होत होतं, आणि त्याला उरले होते सहा दिवस.

अधिक महिना मला ठाऊक नव्हता असं नाही. सासुरवाडीने जावई म्हणून तेहतीस अनारसे वाढले होते, आणि मी ते एकट्याने संपवले होते. तेहतीस अनारसे पोटात गेले, पण डोक्यात काही शिरलं नाही.

धावतपळत गावात आलो. धर्माशेठना समजावून सांगितलं. ते ओटीवर बसून बोटांवर महिने मोजत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे साहेबाच्या वरसात अधिक मास नय?"

"नाही."

"मंग त्याचा वरीस बारका. मोठ्या वरसाचा बोलून बारका दिला आमाला."

पितरपाख असो नसो, तासाभरात तार गेली. उत्तर यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत धर्माशेठ जेवायला बसत आणि तसेच उठत. उत्तर आलं तेव्हा हमीच्या शेवटच्या दिवसाला तीनच दिवस उरले होते. पेढीचा इंजिनीअर शेवटच्या दिवशी सकाळच्या गाडीने येणार होता. अटी तीन. इंजिन जिथे ताब्यात दिलं तिथेच, म्हणजे कल्याणच्या मालधक्क्यावर, हजर करायचं. चाक जागेवर आणि अखंड असावं. दुसऱ्या कुणी ते उघडलेलं किंवा ठोकलेलं असेल तर हमी संपली.

गावापासून कल्याण आठ मैल. मधे एक नाला, त्याचा उतार आणि चढ. वाफेवर न्यावं तर त्या चढावर चाक तुटणार हे मला दिसत होतं, आणि तुटलेलं चाक दाखवलं की साहेब म्हणणार, तुम्हीच तोडलंत. कल्याणच्या लोहाराने पट्टी मारून देतो म्हटलं. पट्टी मारली की हमी गेली. मी धर्माशेठना म्हटलं, "एकच उपाय आहे. मागच्या चाकांच्या खुंट्या काढल्या की ती मोकळी फिरतात, दातेरी चाकांवर काही जोर येत नाही. मग इंजिन ओढून न्यायचं."

"ओढनार कोन?"

मी पांडूच्या गोठ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं.

"माझा आगीनरेडा बैलांनी वडायचा? पांडूच्या बैलांनी?"

"दुसऱ्या कुणाचे बैल तुमच्यासाठी येतील?"

एकही आला नसता. वर्षभर आम्ही त्यांच्या तोंडचा घास काढला होता. पण योग असा की दुसऱ्याच दिवशी त्यांच्या बापाची तिथी होती. बोलणं बंद असलं तरी पान दोन्ही भावांनी मिळून वाढायचं ही घरची रीत, आणि ती मोडायची हिंमत दोघांतही नव्हती. कावळा पानाला शिवला. लोक जेवायला बसले. मी पंगतीच्या टोकाला होतो. धर्माशेठ वाढता वाढता पांडूच्या पानापुढे थांबले, हातातलं खिरीचं भांडं खाली ठेवलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मना उद्याच्याला बैल पायजेत."

अख्खी पंगत जेवायची थांबली. पांडूने घास संपवला, पाणी प्यायला. हसेल असं मला वाटलं. वर्षभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो त्याच्या पानात येऊन पडला होता.

"किती जोड्या?" त्याने विचारलं.

"मिस्त्री बोलतो बारा."

"चौदा आनतों. चिखल हाय." आणि परत जेवायला लागला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. मी खुंट्या काढल्या, बायलर थंड ठेवला. चौदा जोड्या, साखळदंड, तीस माणसं, आणि मागून एका गाडीत हिराआई. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "माझा पूजा केलेला हाय त्यो," म्हणून येऊन बसली. वाटेतल्या गावांतली पोरंटोरं, बायामाणसं रस्त्यावर आली होती. धुराचा रेडा बैल ओढताहेत हे बघून लोक पोट धरधरून हसत होते. धर्माशेठ मान खाली घालून चालत होते. मला त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी चाकाकडेच बघत चाललो.

दुपारी नाल्याचा उतार आला. ओढून न्यायचं ठरवताना मी एक गोष्ट विसरलो होतो, ती आता आठवली. इंजिन वाफेवर असतं तेव्हा उतारावर दातेरी चाकंच त्याला आवरून धरतात. खुंट्या काढल्यामुळे आता त्याला धरणारं कुणीच नव्हतं. दीडशे-दोनशे मणांचं लोखंड, पुढे अठ्ठावीस बैल, आणि खाली पाणी. खुंट्या परत घालाव्यात तर सगळा भार चिरलेल्या चाकावर. मी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

पांडूने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मिस्त्री, तू जरा बाजूला हो." त्याने पुढच्या आठ जोड्या सोडवल्या, मागे आणल्या आणि उलट्या तोंडाने जुंपल्या. मागे बाभळीचा एक ओंडका बांधला, जमिनीत रुतत यायला. प्रत्येक चाकापाशी दोन दोन माणसं, हातात लाकडाच्या पाचरी. गाडीवान घाटात भरली गाडी अशीच उतरवतात. मी वर्षभर त्यांच्या शेजारून शिटी वाजवत गेलो होतो आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती.

इंजिन हळूहळू उतरू लागलं. अर्ध्यावर एक पाचर चाकाखाली भुगा झाली आणि रेडा सुटला. मागचे बैल गुडघ्यांवर आले, साखळदंड ताणून करकरला, माणसं ओरडली. पांडू उडी मारून स्वतः चाकापाशी गेला आणि पाचरीच्या जागी जादाचं आणलेलं आपलं जू आडवं घातलं. जू मोडलं, पण रेडा थांबला. पुढच्या चाकांना नाल्याचं पाणी लागलं होतं. धर्माशेठनी भावाला नावाने हाक मारली ती मी तेव्हा ऐकली, वर्षभरात पहिल्यांदा. पांडू हात चोळत उठला आणि म्हणाला, "माझा जू भरून दे." संध्याकाळी आम्ही कल्याणच्या मालधक्क्यावर होतो.

साहेब सकाळी आला. उंच, काटकुळा, उन्हाने नाक सोललेला. वाईट माणूस नव्हता हे मी आज सांगू शकतो, तेव्हा मला तो यमच वाटला. त्याने कोट काढला, गुडघ्यावर बसला, भिंग लावून चीर बघितली. मग आमचा मक्त्याचा कागद मागितला, किती दगड ओढला ते वाचलं आणि उठून हात पुसत म्हणाला, "तुम बहुत पत्थर भरा. ज्यादा बोजा. इसलिए टूटा. कंपनी का कसूर नहीं."

धर्माशेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, चीर जुनी आहे. आतून काळी पडलेली आहे."

"बारिश में चार महिना खडा था. जंग लगा." त्याच्या म्हणण्यातही चूक नव्हती.

इतक्यात हिराआई पुढे झाली. साहेबाला न विचारता ती चाकापाशी वाकली, चिरेवर बोट फिरवलं आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "यो जंग नय. यो माझा शेंदूर हाय."

मी वाकून बघितलं. चिरेच्या काठावर अगदी केसभर लालसर रेघ होती. वरचा शेंदूर केव्हाच धुऊन, पुसून गेला होता. गंज तपकिरी असतो, हा रंग केशरी होता. किंवा मला तसं वाटत होतं. साहेबाला मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की या बाईने ताबा घेतला त्या दिवशी चाकाला शेंदूर लावला होता. तो आत गेला असेल, तर चीर त्या दिवशीच होती. म्हणजे ओतकामातलीच.

साहेबाने पुन्हा भिंग लावलं. मग म्हणाला की वरून काही दिसत नाही, सिद्ध करायचं तर चाक फोडून चीर उघडावी लागेल. आत शेंदूर असेल तर पेढी नवं चाक देईल, तो तसं लिहून देईल. आत काही नसेल तर चाक तुम्ही फोडलेलं, आणि हमी आज संध्याकाळी संपली. मी हे मराठीत सांगितलं. 

धर्माशेठ चाकाकडे बघत राहिले. न फोडलं तर चिरलेल्या चाकाने अजून काही महिने सपाटीवर अर्ध्या भरलेल्या गाड्या तरी ओढता आल्या असत्या. फोडलं आणि आत काही नसलं तर आगर, रेडा, भावापुढे झुकवलेली मान, सगळं एका घणाबरोबर गेलं. त्यांनी मला विचारलं, "मिस्त्री, फोडू?"

आता ते लिहितो.

ताबा घेतला त्या दसऱ्याला मी प्रत्येक चाक हातोडीने वाजवून पाहिलं होतं. चांगलं बीड खणखणतं. मधलं चाक बद्द वाजलं. एकदाच वाजवलं. मागे ढोल होता, हिराआई शेंदराची वाटी घेऊन उभी होती, धर्माशेठ नवं पागोटं घालून हसत होते, मुहूर्त टळत होता. मी मनाशी म्हटलं, फुलांच्या माळांमुळे आवाज दबला असेल. माळ काढून परत वाजवायला किती वेळ लागला असता? पण इंजिन मीच पसंत केलं होतं. त्यात खोट निघाली तर ती माझी. मी सही केली. वैशाखात कट् ऐकलं तेव्हा मला लगेच कळलं होतं कुठून आलं ते. तेव्हाही मी महिनाभर गप्प बसलो, आणि मग पावसाने माझी सोय केली.

"फोडा," मी म्हटलं.

"तुना कसा ठावं?"

सगळे माझ्याकडे बघत होते, साहेबसुद्धा. मी सांगितलं. मराठीत सांगितलं आणि मग साहेबाला इंग्रजीत.  धर्माशेठनी घण उचलला आणि माझ्या हातात दिला.

पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला आरा हलला. तिसऱ्याला चाकाचा तुकडा खण्णकन तुटून खडीवर पडला. मला खाली बघवेना. साहेबच वाकला आणि त्याने तुकडा उचलला. ताज्या फुटीची बाजू राखाडी, चकचकीत होती. जुन्या चिरेची बाजू काळसर, आणि तिच्यावर, दोन बोटं खोल, केशरी शेंदूर.

साहेबाने नखाने तो खरवडला. मग माझ्याकडे संशयाने बघितलं. शेंदूर आम्ही फिटर लोकही सांध्यांना लावतो, ते त्याला ठाऊक होतं. "तुम डाला?" मी म्हटलं, "साहेब, आमचा शेंदूर अळशीच्या तेलातला. तो वाळून दगड होतो. हा अजून मऊ आहे, वास घ्या." त्याने तुकडा नाकाशी नेला. वर्षभर जुन्या खोबरेलाचा तो खवट वास, साहेबाचं सोललेलं नाक असं आकसलं की पांडूला हसू आवरेना. साहेबाने खिशातून वही काढली आणि तिथेच गाडीच्या चाकावर ठेवून लिहून दिलं. पेढी नवं चाक देईल. खाली तारीख घातली, हमीची शेवटचीच. जाताना माझी पावती परत दाखवून म्हणाला, "और तुम आगे से sign मत करना." पुढे बरीच वर्षं विलायती पेढ्यांची कामं माझ्याकडे आली नाहीत, ती का, हे मला माहीत होतं.

परत येताना धर्माशेठ माझ्याबरोबर चालत होते. नाला ओलांडल्यावर एकदाच बोलले. "वरीसभर माझ्या घरी जेवलास, मिस्त्री." बस. मला त्यांनी काढून टाकलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी काढलं नाही.

चाक माघात आलं. तोवर दगड पांडूच्या गाड्यांनी वाहिला, आणि ती वाटणी पुढेही चालू राहिली. उताराला बैल, सपाटीला रेडा. मी नवं चाक बसवलं. हिराआई वाटी घेऊन आली आणि शेंदूर लावायच्या आधी थांबली. "आदी तू वाजव," म्हणाली.

मी वाजवलं. खणखणीत वाजलं, अगदी देवळातल्या घंटेसारखं.

"कसा हाय?"

"चोख आहे, आई."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "परत वाजव," म्हणाली.

त्यानंतर ती गेली तोवर, चौदा दसरे, त्या घरी हीच रीत होती. आधी हातोडी, मग शेंदूर. दर वर्षी मी सगळी चाकं वाजवायचो, "चोख" म्हणायचो, आणि दर वर्षी ती म्हणायची, परत वाजव. मी चिडका माणूस आहे, साऱ्या ठाण्याला ठाऊक आहे. पण त्या दोन शब्दांवर मी एकदाही चिडलो नाही. दर वर्षी माळ बाजूला करून परत वाजवलं.